शब्दांची चौकशी : ‘ढ’ कुठला, पेडगाव कुठलं आणि चार आणे कुणाचे?

प्रश्न : ब्राह्मी या प्राचीन लिपीपासून आजवर ‘ढ’ हे एकच अक्षर बदललं नाही, म्हणून वर्षानुवर्षं एकाच इयत्तेत बसणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : अक्षराबद्दलची माहिती बरीचशी खरी, तिच्यावर रचलेली गोष्ट मात्र पटत नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या अशोकाच्या लेखांत ढ जवळपास आजच्यासारखाच दिसतो. वर शिरोरेषा तेवढी नंतर आली. त्याच लेखांतला क हा बेरजेच्या चिन्हासारखा आहे, आणि आजचा क शेजारी ठेवला तर दोघांची ओळखही पटणार नाही. सगळी भावंडं बदलली, हा पठ्ठ्या तिथेच! विनोद फर्मास आहे.

पण ‘एकच’ अक्षर म्हणणं चूक. ब्राह्मीतला ठ म्हणजे नुसता गोल. आज त्याला वर देठ फुटला आणि शिरोरेषा आली, एवढंच. तरी कुणा मुलाला ‘ठ’ म्हटल्याचं ऐकलंय? दुसरं असं, की ब्राह्मी वाचण्याची कला मधल्या कित्येक शतकांत पार विसरली गेली होती. अशोकाचे लेख जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने उलगडले ते 1837 च्या सुमारास. ज्या लिपीचा पत्ताच नाही, तिच्यातल्या अक्षरावरून पंतोजींच्या शाळेतली पोरं शिवी कशी काढतील? हे स्पष्टीकरण फार तर प्रिन्सेपनंतरच्या कुणा लिपी जाणणाऱ्या विद्वानाचं.

त्यापेक्षा कान जे सांगतो ते ऐकावं. ‘मूढ’ हा शब्द ढ वरच येऊन थांबतो. शिवाय ढिम्म, ढिला, ढेकूळ, ढेरी असे जड, सुस्त शब्द मराठीत ढ पासूनच सुरू होतात. तोंडातून निघतानाच हे अक्षर धपकन खाली बसतं.

जाता जाता एक गंमत. अशोक लेखांत स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवतो. पुढे संस्कृत व्याकरणकारांनी याच शब्दाचा अर्थ ‘मूर्ख’ असा नोंदवला.

प्रश्न : ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ यातलं पेडगाव खरंच आहे का? बहादूरखानाची फजिती झाली तेच का हे?

उत्तर : गाव खरं आहे. श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या काठी. मोगल सुभेदार बहादूरखानाची छावणी तिथे होती, म्हणून तिथल्या भुईकोटाचं नाव बहादूरगड. 1674 च्या पावसाळ्यात मराठ्यांच्या एका तुकडीने खानाला हूल देऊन छावणीपासून लांब नेलं आणि दुसऱ्या, मोठ्या तुकडीने मागे उरलेली छावणी लुटली. म्हण या लुटीवरून पडली, असं हल्ली ठासून सांगतात.

अडचण अशी, की या प्रसंगात हूल आहे, वेडाचं सोंग कुठेच नाही. म्हणीत तर सगळा भर सोंगावर आहे: वेड हे घोंगडीसारखं अंगावर ओढून घ्यायचं आणि गरज संपली की काढून ठेवायचं. इथे गाव निवडलंय ते यमकाने. वेड–पेड. ‘येडं बनून पेढा खाणे’ ही अलीकडची बोली बघा, तिथेही येडा–पेढा हीच जोडी, आणि त्या पेढ्याचा इतिहास कुणी शोधत नाही.

वापरताना होणारी चूक: ज्याला खरोखरच काही कळत नाही, त्याच्याबद्दल ही म्हण चालत नाही. उधारीचा विषय निघाला की ‘कसली उधारी?’ म्हणणारा पेडगावला गेलेला असतो. बिचारा विसरभोळा घरीच असतो.

प्रश्न : बावळट या शब्दाचा ‘वात’शी संबंध आहे म्हणतात. ओढूनताणून वाटतो.

उत्तर : नाही, हा धागा पक्का आहे. संस्कृत ‘वातुल’ म्हणजे वाताने बिघडलेला, भ्रमिष्ट. मधला त गळून प्राकृतात ‘वाउल’ झालं, त्यातून बावळा. शेवटचा ळ अस्सल मराठी वळणाचा: फल–फळ, कमल–कमळ, तसंच हे. सुरुवातीचा ब मात्र उत्तरेकडचा दिसतो, कारण मराठी असा व सहसा सोडत नाही. हिंदीत बीस, आपल्याकडे वीस. हिंदीतला बावला सख्खा भाऊ. बंगालचे बाउल गायकही याच घराण्यातले, असं बरेच अभ्यासक मानतात.

पुढचा ‘ट’ धार बोथट करतो. लांबट म्हणजे किंचित लांब, पोरकट म्हणजे पोरासारखा. तसा बावळट हा वेडा नव्हे, वेडसरपणाची झाक असलेला. म्हणून आई मुलाला लाडाने बावळट म्हणू शकते. आणि ‘डोक्याला वात आणू नकोस’ म्हणताना तोच जुना वात आपण आजही वापरतो.

प्रश्न : ‘चार आणे कमी’ आणि ‘दीड शहाणा’, दोन्ही मूर्खच. मग हिशेब असा उलटा का?

उत्तर : रुपयाचे आणे सोळा. ‘सोळा आणे खरं’ म्हणजे पूर्ण खरं, तेव्हा चार आणे कमी म्हणजे डोकं पाऊण भरलेलं. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि आण्यांचा हिशेब मागे पडला. चार आण्यांच्या जागी आलेलं 25 पैशांचं नाणंही 2011 मध्ये चलनातून गेलं. माणसांतले चार आणे अजून कमीच आहेत.

दीडचं गणित वेगळं. मराठीत दीड आला की बहुधा हिणवणं आलं: दीड दमडी, दीड वीत. ‘दीड शहाणा’त वरचा अर्धा त्याने स्वतःच लावून घेतलेला असतो. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांशी याची गल्लत करू नये. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण मुत्सद्देगिरी होती पण तलवार नव्हती. तो अर्धा लोकांनी मोजून दिलेला.