टाय रॉड आर्मच्या वरून बसवायचाय, टेपर होल कसं करावं? सरळ होल मारून बोल्ट टाकला तर चालेल का?

नाही चालणार. इथूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळं यावरच आहे.

तुम्ही लिहिलंय की जुन्या लीफ स्प्रिंगवाल्या जीपचा टाय रॉड (पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा स्टीअरिंगचा दांडा) स्टीअरिंग आर्मच्या खालून आहे, इंदूरजवळ चोरलकडे दगडांत घासतो, वाकतो, म्हणून वर घ्यायचाय आणि तुमचे मिस्त्री म्हणतायत सरळ ड्रिल मारून बोल्ट कसू. आता टाय रॉड एंडचा, म्हणजे रॉडच्या टोकाच्या जोडाचा, निमुळता स्टड आर्ममध्ये नटच्या जोरावर धरलेला नसतो हो, नट फक्त स्टडला टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या होलात, ओढून बसवतो आणि मग टेपरच पकडतो, पूर्ण गोलाईवर. म्हणून तर नट काढल्यावरही तो हातानं निघत नाही, आर्मच्या डोळ्यावर (होलाभोवतीच्या भागावर) बाजूनं हातोडा मारावा लागतो तेव्हा टक्क करून सुटतो. सरळ होलात बोल्ट टाकला की सगळा भार बोल्टच्या अंगावर, प्रत्येक खड्ड्यात तो थोडा थोडा हलतो, होल अंडाकार होतं, आणि एके दिवशी बोल्ट तुटला की स्टीअरिंग हातात आणि चाकं भलतीकडे. स्टीअरिंगमध्ये जुगाड नको, एवढं माझं ऐकाच.

आता टेपर कोणता ते आधी मोजा. गाडीचं नाव सांगून विचारू नका, स्टड मोजा. टेपरवर दोन खुणा करा, १० मिमी अंतरावर, आणि दोन्हीकडे व्यास घ्या. फरक १.२५ मिमी आला तर १:८, १ मिमी आला तर १:१०, साधारण १.६७ आला तर १:६. व्हर्नियरनं तीन-चारदा घ्या, मायक्रोमीटर असेल तर उत्तमच. इंदूरच्या सियागंजात नुसतं टेपर रीमर (होल निमुळतं करायचं कटर) मागाल तर मोर्सचा पुढे येईल नाहीतर टेपर पिनचा, मोर्स साधारण १:२० असतो आणि पिनचा १:५०, दोन्ही इथे बिनकामाचे, स्टड एका कडेवरच बसेल आणि वरून कसल्यावर घट्टच वाटेल, तोच खरा धोका.

दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. तुमच्या आर्ममध्ये आधीच खालून टेपर आहे, म्हणजे खालचं तोंड मोठं. त्यातच वरून रीमर घातला तर आतून डमरू होतो. समजा डोळा २० मिमी जाड आणि टेपर १:८, तर दोन तोंडांत २.५ मिमीचा फरक आहे, म्हणजे नवीन स्टडचं बारीक टोक जिथे यायला पाहिजे तिथे होल आधीच अडीच मिमी मोठं आहे. तिथे धरायला लोखंडच नाही! म्हणून बरोबर काम म्हणजे जुनं होल सरळ बोअर करायचं आणि वरून कॉलरवाला स्टीलचा बुश (होलात बसवायची नळी) प्रेस करायचा, ज्याच्या आत टेपर असेल. कॉलर वरच, कारण नट स्टडला खाली ओढतो, कॉलर नसली तर बुशसकट ओढला जाईल. बोअर केल्यावर डोळ्याची भिंत पातळ उरत असेल तर तो आर्म सोडा, दुसरा बघा. आणि जुनं होल वेल्डिंगनं भरून परत करू असं कोणी म्हटलं तर हात जोडा, फोर्ज्ड आर्मला असा ताव दिला की तो कुठून तडकेल भरवसा नाही.

बुश सांवेर रोडकडच्या कुठल्याही बऱ्या खरादवाल्याकडे होतो, फक्त खरादच्या कंपाउंड स्लाइडला (कोनात फिरवता येते ती स्लाइड) अर्धा कोन द्यायला सांगा: १:८ ला ३ अंश ३५ मिनिटं, १:१० ला २ अंश ५२ मिनिटं. पूर्ण कोन लावला की माल भंगारात. त्याहून पक्कं म्हणजे एखादा खराब टाय रॉड एंड कापून त्याचा स्टड काढा, चकमध्ये खरा फिरवून त्याच्यावर डायल इंडिकेटर चालवा आणि काटा हलेनासा होईपर्यंत स्लाइड सेट करा. हाच स्टड पुढे गेज म्हणून कामाला येतो.

बुशमधलं टेपर रीमरनंच करायचं असेल तर काम ड्रिल प्रेसवर क्लॅम्प करून, हातातल्या ड्रिलनं अजिबात नाही. आधी बारीक टोकापेक्षा थोडं कमी सरळ होल, मग सगळ्यात कमी स्पीड, भरपूर कटिंग ऑइल, जरा जरा उतरायचं आणि रीमर बाहेर काढून चिप्स साफ करत राहायचं. किरकिर आवाज आला की थांबा, आत लाटा पडतायत.

मग ब्लू, म्हणजे निळ्या मार्किंग रंगानं बसणी तपासायची. स्टडला निळा अगदी पातळ लावा, होलात दाबून थोडा फिरवा, काढून बघा. निळा वरपासून खालपर्यंत सगळीकडे उमटला पाहिजे, निदान पाऊण भाग तरी. फक्त वरच्या कडेला रिंग दिसली तर कोन चुकलाय, नट कितीही कसा तो बसणार नाही. खोलीही बघा, स्टडच्या टेपरचं बारीक टोक आर्मच्या खालच्या फेसच्या किंचित आत राहिलं पाहिजे, बाहेर आलं तर नट टेपरवरच टेकतो आणि ओढतच नाही. कॅसल नटची (खाचांच्या नटची) खाच स्टडच्या होलाशी जुळत नसेल तर पुढे कसून जुळवा, मागे ढिला करून नाही, आणि स्प्लिट पिन नवीनच.

गाडीवर लावल्यावर दोन्हीकडे फुल लॉक करून बघा, सस्पेंशन पूर्ण दबलेलं असतानाही, वर आलेला टाय रॉड स्प्रिंगला किंवा डिफला (डिफरन्शियलला) लागतो का. टो, म्हणजे पुढच्या चाकांची आत-बाहेर दिशा, परत सेट करावा लागेल. आणि गाडी रस्त्यावर चालवत असाल तर मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहे, सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय, त्यामुळे आधी आरटीओत विचारा.

स्टडची दोन मापं आणि डोळ्याची जाडी इथे टाका, बुशची मापं काढून देतो.