आधी माश्यांना ठिपके दे

‘जर्नल ऑफ इन्सेक्ट बिहेवियर’ला पेपर पाठवायचाय म्हणतोस? पाठव की. कीटकांच्या वर्तनावरचं संशोधन छापणारं नियतकालिक आहे, १९८८पासून निघतंय ते. कोळ्यांच्या वर्तनावरचंही घेतात. पण ‘गंगापूर धरणाजवळ सापडलेल्या जाती’ अशी नुसती यादी तिथे चालायची नाही. कीटक करतो काय, ते हवं.

तुझ्या पंचवटीच्या घरी सज्जाखाली गांधीलमाश्यांचं पोळं आहे ना? पहाटे गारठ्यात त्या सुस्त असतात, तेव्हा गवताच्या काडीने प्रत्येकीच्या पाठीवर वेगळ्या रंगाचा ठिपका दे. त्याशिवाय अळ्या-किडे कोण आणते, पोळ्यावर बसून कोण राहते, कळणारच नाही. पहिल्या वर्षी मी वहीत ‘बऱ्याच माश्या आल्या’ एवढंच लिहायचो; सगळं वाया. दर ५ मिनिटांनी नोंद कर. आणि हो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. माझा कान दोन दिवस वड्यासारखा फुगला होता.