लेमन्स रेससाठी (अमेरिकेतली स्वस्त, 500 डॉलरवाल्या गाड्यांची तासन्‌तास चालणारी रेस) माझ्या माझदा मिआटाला टर्बो बसवतोय, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर टर्बोपर्यंत नेणारा पाइपांचा जोड) स्वस्त स्टेनलेस ट्यूबवालं घेऊ की कास्ट आयर्न?

कास्ट आयर्नचंच घ्या, शक्यतो कंपनीतूनच टर्बो लागून आलेल्या गाडीतनं काढलेलं, पण मिआटाच्या इंजिनला बसणारं. कारण साधं आहे, 304 स्टेनलेस तापल्यावर कास्ट आयर्नच्या साधारण दीडपट पसरतं, त्यात स्वस्तातल्या मॅनिफोल्डचे पाइप पातळ असतात आणि अख्ख्या टर्बोचं वजन त्या वेल्डिंगवर लटकतं. लेमन्समध्ये गाडी तासन्‌तास फुल लोडवर पळते, थंड व्हायला वेळच मिळत नाही, मग क्रॅक जातो तो कलेक्टरजवळच, म्हणजे सगळे पाइप एकत्र येतात तिथे.

पण खरं सांगू का, मॅनिफोल्डपेक्षा जास्त रेस बुडतात त्या टर्बोचे नट ढिले झाल्यामुळे, तिथे पैसे वाचवू नका:

- टर्बो फ्लँजला (टर्बो आणि मॅनिफोल्ड जोडणारी सपाट पट्टी) इन्कोनेलचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूचे स्टड. साधे हाय टेन्साइल बोल्ट त्या उष्णतेत ताणले जातात. स्प्रिंग वॉशर तर घालूच नका, तापून त्याची स्प्रिंगच मरते, लॉकिंग टॅब वापरा.
- मल्टिलेयर स्टील गॅस्केट, आणि दोन्ही फ्लँज सपाट आहेत का ते पट्टी ठेवून बघा.
- डाउनपाइपमध्ये (टर्बोतनं धूर बाहेर नेणारा पाइप) फ्लेक्स जॉइंट, म्हणजे लवचिक जोड, आणि त्याच्या पुढचा पाइप गिअरबॉक्सला ब्रॅकेटने धरा, नाहीतर इंजिन हललं की सगळा झटका टर्बोवर.

पहिल्यांदा नीट तापवून पूर्ण थंड झाल्यावर सगळे नट परत टाइट करायचे. ऑटोक्रॉससारखं मिनिटभराचं पळणं असेल तर मात्र ट्यूबवालं चालेल, हलकंही पडतं. 500 डॉलरच्या गाडीत ट्यूबवाल्याने मिळणाऱ्या चार-दोन हॉर्सपॉवरसाठी अख्खी रेस पणाला लावू नका.