सहा जणांचे इंटरकॉम, एकाच्या कार्डावर?

प्रश्न: वय ३२, चिंचवडला राहतो. हातात पगार ७४,००० येतो. घरभाडं १७,०००, बाइकचा हप्ता ७,८००, एसआयपी ८,०००, घरखर्च २२,०००, गावी आईवडिलांना ८,०००. अडीअडचणीसाठी बँकेत ९०,००० आहेत. पुढच्या वर्षी गृहकर्ज काढायचं आहे. आम्ही सहा जण ऑक्टोबर ते मे, महिन्यातून दोन रविवार वेल्हे-मुळशीकडच्या कच्च्या वाटांवर बाइक घेऊन जातो. सप्टेंबरच्या शेवटी दहा दिवस हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरलंय. त्याआधी सगळ्यांना हेल्मेटचे मेश इंटरकॉम (चालत्या बाइकवरून एकमेकांशी बोलायची यंत्रं) घ्यायचे आहेत. एकाचा भाव २७,०००; सहा एकदम घेतले तर दुकानदार २४,५०० लावतो. माझ्या कार्डावर बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने घ्यायचे आणि मित्रांनी दरमहा २,०४२ मला द्यायचे, असा बेत आहे. कार्डाची मर्यादा २ लाख. घ्यावेत का? की पैसे वाचवायला दोनच घेऊन पुढच्या-मागच्याला द्यावेत? एक मित्र म्हणतो, ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी घेऊ.

उत्तर: इंटरकॉम घ्या. सहाच्या सहा तुमच्या कार्डावर मात्र घेऊ नका.

आधी तुमचाच हिशोब मांडू. पगारातून तुम्ही लिहिलेले सगळे खर्च आणि एसआयपी वजा केली की महिन्याला ११,२०० उरतात. सहा इंटरकॉमचे १,४७,००० होतात, म्हणजे हप्ता १२,२५०. तुमच्या शिलकीपेक्षा तो १,०५० रुपयांनी जास्त आहे. पाचही मित्रांनी वेळेवर पैसे दिले तर काहीच अडचण नाही. पण दोघांचा पगार एका महिन्यात लांबला तर ४,०८४ रुपये तुम्हाला घालावे लागतील, आणि मैत्रीत असे पैसे मागताना तोंड उघडत नाही. हप्ता पूर्ण भरला गेला नाही तर कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागू शकतं, शिवाय बाकीच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

'नो-कॉस्ट' या शब्दावरही फार विसंबू नका. बँक व्याज घेतेच; दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून बेरीज सारखी दिसते. वार्षिक १६ टक्के दर धरला तर तुमच्या व्यवहारात व्याजाचा भाग साधारण १२,००० रुपये होतो. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २,१५०, दर महिन्याच्या बिलात थोडा थोडा येत राहतो आणि तो कोणी परत करत नाही. त्यात प्रोसेसिंग फी साधारण २०० रुपये आणि तिच्यावरचा जीएसटी. म्हणजे जवळपास २,४०० रुपये वर जातात. तुमच्या २,०४२ च्या वाटणीत ते धरलेलेच नाहीत.

याहून मोठा फटका गृहकर्जाला बसेल. दोन लाखांच्या मर्यादेतले सुमारे १,३५,००० अडकले आणि वर महिन्याचा किराणा-पेट्रोल कार्डावर गेलं की वापर सत्तर टक्क्यांच्या पुढे जातो. तो तीस टक्क्यांच्या आत असलेला बरा. नाहीतर नेमका कर्जाचा अर्ज करायच्या वर्षी क्रेडिट स्कोअर खाली येतो. शिवाय हा १२,२५० चा हप्ता बँक पूर्ण तुमच्याच नावावर धरेल. पाच मित्र वाटा देतात हे तिला दिसत नाही. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी १२,२५० च्या हप्त्यात सुमारे १४ लाखांचं कर्ज बसतं. बरेचसे हप्ते बाकी असताना अर्ज केलात तर पात्रता त्या प्रमाणात घटेल.

वॉरंटीचाही विचार करा. बिल एकाच्या नावावर असलं की सहाही इंटरकॉमची वॉरंटी तुमच्या गळ्यात पडते. मित्राचा माइक बंद पडला की कुरिअर तुम्ही करायचं, सर्व्हिस सेंटरला फोन तुम्ही लावायचा.

तरी २,५०० ची सूट सोडायची गरज नाही. दुकानदाराला एका दिवशी सहा नग विकायचे आहेत. ते एका कार्डावर विकायचे आहेत असं नाही. सहा जणांनी एकाच वेळी सहा वेगळी बिलं करून यूपीआयने पैसे दिले तर तोच भाव मागा. ईएमआय नसल्यामुळे दुकानदाराला त्या योजनेचा खर्च येत नाही, म्हणून आणखी थोडं घासाघीस करायलाही जागा आहे. बिलावर अनुक्रमांक आणि भारतातल्या अधिकृत आयातदाराचं नाव आहे ना, ते तिथेच पाहून घ्या. दुबई-सिंगापूरहून हाती आलेला नग दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतो, पण इथे त्याची वॉरंटी चालेलच असं नाही.

आता, दोनच घ्यावेत का? पैसे वाचवण्याचा हा मार्ग कागदावर छान दिसतो, डोंगरात चालत नाही. हे इंटरकॉम बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. त्या लहरी जवळपास दृष्टीच्या रेषेतच जातात. मधे डोंगराची सोंड आली, ओली गर्द झाडी आली की थांबतात. खोक्यावरचा दीड किलोमीटरचा पल्ला मोकळ्या सपाट रस्त्यावरचा असतो. घाटाच्या वळणावर तो काहीशे मीटरवर येतो, सोंडेच्या पलीकडे तर शून्यावर. जुन्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये माणसं साखळीने जोडलेली असतात, मधला एक तुटला की मागचे सगळे जातात. मेशमध्ये प्रत्येक नग दुसऱ्याचा आवाज पुढे पोचवतो आणि वाट बंद झाली की दुसरी शोधतो. म्हणजे मेशची खरी किंमत मधल्या माणसांच्या नगांत आहे. फक्त पुढच्याला आणि मागच्याला दिलेत तर मधे पोचवणारा कोणीच नाही, आणि दोघांचे ५४,००० घालूनही पहिल्या वळणापलीकडे आवाज जाणार नाही. कमीत कमी तीन हवेत: पुढे, मधे, मागे. चार असतील तर वेल्ह्याकडच्या वाटांना पुरतात.

सगळ्यांचे नग मात्र एकाच मेशचे हवेत. कार्डो कंपनीचं मेश सेना कंपनीच्या मेशशी बोलत नाही, बेंगळुरूच्या ब्लूआर्मरचं राइडग्रिड आणखी वेगळं. एखाद्याकडे आधीपासून दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याला युनिव्हर्सल ब्लूटूथने (वेगळ्या कंपन्यांचे नग जोडायची सोय) एका मेशवाल्याशी जोडता येतं. पण तो त्या एकाच्याच आधाराने बोलतो, तो लांब गेला की हा मुका. असा मित्र असेल तर जुना विकून त्यात भर घालणं त्याला स्वस्त पडेल.

वॉकीटॉकीचं म्हणाल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे संच २०१८ च्या नियमांनुसार आपल्याकडे विनापरवाना वापरता येतात, मात्र त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे सरकारची उपकरण-प्रकार मंजुरी, असावी लागते. ऑनलाइन पंधराशे-दोन हजारांत मिळणारे, लांब अँटेनाचे आणि हवी ती फ्रीक्वेन्सी लावता येणारे संच या सवलतीत बसत नाहीत, त्यांना परवाना लागतो. अशा विक्रीला आळा घालायला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. किन्नौर-स्पिती हा सीमाभाग आहे. तिथे तपासणीत असा संच निघाला तर सहलीचा दिवस पोलीस चौकीत जाईल. मंजुरी असलेला संच घेतलात तरी उभं राहून, दोन्ही हात हँडलवर ठेवून दगडांतून बाइक नेताना बटण दाबून बोलणं जमत नाही. थांबल्या जागी वापरायला मात्र चांगला.

मग तुमच्या एका इंटरकॉमचा हिशोब. वर्षात १६ रविवार आणि स्पितीचे दहा दिवस धरले तर २६ दिवस. आतली बॅटरी चार वर्षं नीट टिकली असं धरलं तर १०४ दिवसांचे २४,५००, म्हणजे दिवसाला सुमारे २३६ रुपये. एका रविवारच्या पेट्रोलपेक्षा कमी. मागच्याची बाइक पडली हे पुढच्याला लगेच कळतं आणि ओढ्याचं पाणी किती आहे हे मागच्यांना आधीच समजतं. एवढ्यासाठी मला हा खर्च वाजवी वाटतो.

पैसे असे उभे करा. जूनपासून तीन महिने दरमहा ८,२०० वेगळे ठेवा, ऑगस्टअखेर २४,६०० जमतील. दरमहा उरलेले ३,००० आपत्कालीन निधीत जाऊ द्या. एसआयपी थांबवू नका, निधीला हात लावू नका. तुमचा महिन्याचा न टाळता येणारा खर्च ५४,८०० आहे, त्यामुळे ९०,००० म्हणजे पावणेदोन महिन्यांचीही सोय नाही. सप्टेंबरची शिल्लक स्पितीला जाऊ द्या. ऑक्टोबरपासून पूर्ण ११,२०० निधीत टाकलेत तर मार्चअखेर तीन महिन्यांचे, म्हणजे १,६४,४०० च्या आसपास, होतील. गृहकर्जाचा अर्ज त्यानंतर करा.

विम्याचंही पाहा. बाइकच्या पॉलिसीतलं सक्तीचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मृत्यू आणि कायमच्या गंभीर अपंगत्वासाठी असतं. गळपट्टीचं हाड मोडून दोन महिने घरी बसलात तर त्यातून काही मिळत नाही. वेगळी अपघात पॉलिसी घेताना साहसी खेळ वगळले आहेत का, तेवढं कलम वाचूनच घ्या.

खरेदीच्या दिवशी प्रत्येकाने आपलं हेल्मेट दुकानात न्यावं. कानाच्या जागी ४० मिलिमीटरच्या स्पीकरला खळगा आहे का, ते बोटाने चाचपा. मोटोक्रॉस हेल्मेटमध्ये तो बऱ्याचदा नसतो. मग स्पीकर कानावर दाबतो आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं. स्पीकर कानाच्या छिद्रासमोरून थोडा सरकला तरी आवाज निम्मा वाटतो. हनुवटीचा भाग पुढे असलेल्या हेल्मेटला दांडीचा माइक लागतो. चिकटपट्टीने नग लावणार असाल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून किमान २४ तास तसंच राहू द्या, आणि बारीक दोरीने नग हेल्मेटला बांधून ठेवा. करवंदीच्या फांदीने उडालेला नग गवतात सापडत नाही. चार्जिंगच्या छिद्राचं रबरी झाकण घट्ट बसवा. आत ओल असताना केबल लावली की पिना गंजतात. बाइक धुताना प्रेशरचा पाइप हेल्मेटवर मारू नका. पावसाळ्यात वापर नसेल तर अर्धी चार्ज करून ठेवा, संपूर्ण रिकामी पडलेली बॅटरी पुन्हा उठेलच याची खात्री नाही.

स्पितीच्या आधी निदान दोन रविवार वापरून पाहायला हवेत, म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घ्या. सहाही नगांचं सॉफ्टवेअर घरच्या वायफायवर एकाच आवृत्तीचं करा, मग ग्रुप बांधा. कच्च्या वाटेवर सगळे धापा टाकत असतात, तेव्हा माइकची संवेदनशीलता कमी ठेवा, नाहीतर दिवसभर सहा जणांचा श्वास ऐकत बसाल.

एखाद्या मित्राला ऑगस्टपर्यंत पैसे जमले नाहीत तर त्याच्यासाठी तुम्ही कार्ड काढू नका. त्याला तिसऱ्या क्रमांकावर, इंटरकॉमवाल्या दोघांच्या मधे चालवा, आणि प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं हे ठरवून टाका.