माऊ विणार आहे, तू बसून राहा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हिशेबाने आज ६० वा दिवस. मांजर साधारण ६३ ते ६७ दिवसांत विते, म्हणजे या आठवड्याची तुझी झोप गेली. फोटोत खोकं बेडरूमच्या मधोमध दिसतंय. उचल ते. कपाटामागे, अंधारात ठेव. आत जुनी सुती साडी घाल. टॉवेलच्या धाग्यांत पिल्लांची नखं अडकतात. आणि फिनेल अजिबात नको. मांजरीचं यकृत ते पचवू शकत नाही आणि ती तर दिवसभर अंग चाटते. पहिल्या खेपेला मी खोली फिनेलने लख्ख पुसली होती. बाईसाहेब तडक माळ्यावर गेल्या आणि आकाशकंदिलांच्या खोक्यात व्याल्या.

कळा सुरू झाल्या की ती धापा टाकेल, खोकं उकरेल, घुरघुरेलही. खूश होऊ नकोस, दुखत असतानाही मांजर घुरघुरते. तुझं काम घड्याळ आणि वही. जोर कधी लावला, पिल्लू कधी आलं, वार (पिल्लामागून बाहेर येणारा नाळेचा गोळा) पडली का. पिल्लागणिक एक वार. ती खाईल, खाऊ दे, पण मोज.

पिल्लू शेपटीकडून आलं तर किंचाळू नकोस, मांजरांत ते नेहमीचंच. मध्ये तास गेला आणि ती निवांत पाजत असेल तर पाजू दे. मात्र जोर लावून २०-३० मिनिटं झाली तरी पिल्लू नाही, अर्धवट अडकलं, किंवा रक्त थांबेना, तर थेट डॉक्टर. रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोध. मी रात्री दोनला एकामागून एक फोन फिरवत बसले होते.

हात लावायचा तो पिल्लावरची पिशवी तिने लगेच फाडली नाही तरच. नाकातोंडावरची तू फाड आणि सुती फडक्याने चोळ, चांगलं जोरात, तिच्या खरखरीत जिभेसारखं. कोणी पिल्लू उलटं धरून गरगर फिरवायला सांगेल. ऐकू नकोस, मेंदूला इजा होते. नाळ तीच तोडते. नाहीच तोडली तर उकळलेल्या दोऱ्याने पोटापासून २-३ सेंमीवर बांध आणि गाठीच्या पलीकडे काप. ओढायची नाही.

मग रोज वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. जन्मतः १०० ग्रॅमच्या आसपास, पुढे दिवसाला १०-१५ ग्रॅम वाढ. वाढलं नाही तर दूध पुरत नाहीये. गाईचं दूध नको, मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी भुकटी मिळते. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, दूध नंतर.

आजी म्हणतील, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. फिरवणारच, बघायला रांग लागली तर! शेजारच्या पोरांना दहा दिवसांनी बोलव, तोवर डोळेही उघडतील. आणि खिडकी लाव. पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि तो पिवळा बोका अजून तुमच्याच जिन्यात झोपतो ना?

तुझी,
मावशी