व्हॉल्व्हची पेटी विकण्याआधी: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या रेडिओबद्दल, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या सेटबद्दल, चार ओळी काय लिहिल्या, निम्मी टपाल त्याचीच आली. नाशकात रविवार कारंजाजवळ उभी हयात दुरुस्तीच्या टेबलाशी गेली, त्यामुळे हे प्रश्न मला आवडतात हे वाचकांनी ओळखलेलं दिसतंय. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सासऱ्यांचं भांडी बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. २००८ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं. तेव्हापासून एक लाकडी पेटी आमच्या माळ्यावर आहे. आत शंभरेक व्हॉल्व्ह असतील, पण बऱ्याच नगांवरची अक्षरं गेली आहेत. एक गृहस्थ पेटीसकट चार हजारांना न्यायला तयार आहेत. देऊन टाकू का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ताई, इतक्यात नको. पेटीसकट उचलणारा माणूस भोळा नसतो. शंभरातल्या पाच-सहा नगांवर त्याची नजर असते आणि बाकीचे तो तुमच्यावर उपकार म्हणून नेतो.

पुराची काळजी सोडा. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून बंद केलेली काच. बाहेरून गोदावरीचं पाणी लागलं म्हणून आतलं काही बिघडत नाही. पाण्यानं नेली ती खोकी आणि छापील अक्षरं. पेटीत ट्रान्सफॉर्मर असतील तर मात्र त्यांची आशा धरू नका.

पहिली गोष्ट, व्हॉल्व्ह ओल्या फडक्यानं पुसू नका. स्पिरिट तर मुळीच नको. काचेवरची शाई इतकी कच्ची असते की अंगठा घासला तरी नंबर जातो, आणि नंबर गेला की निम्मा भाव गेला. चिखल सुकलेला असेल तर मऊ ब्रशनं झटका, अक्षरांच्या जागेला हात लावू नका. मग व्हॉल्व्ह तोंडाजवळ धरून 'हाऽऽ' करून वाफ सोडा आणि दिव्याखाली तिरका फिरवा. शाई गेलेली असली तरी तिच्या जागी वाफ वेगळी बसते आणि नंबर दोन-तीन सेकंद उमटतो. नाहीच दिसला तर पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढा आणि बाष्प धरताना बघा. शेजारी एक जण वही घेऊन बसवा, कारण दिसलेला नंबर लिहीपर्यंत उडालेला असतो.

मग काचेच्या डोक्याशी किंवा बगलेला असलेला आरशासारखा चंदेरी डाग पाहा. तो बेरियमचा थर. आत उरलेली हवा शोषून घ्यायला कारखान्यातच तो उडवलेला असतो. चकचकीत चंदेरी किंवा काळसर असेल तर निर्वात शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर कुठून तरी हवा शिरली, तो नग सरळ कचऱ्यात. डागाच्या कडा विरळ, तपकिरी झाल्या असतील तर व्हॉल्व्ह बराच वापरलेला समजा. एवढ्या कामाला मीटरही लागत नाही, चष्मा पुरतो.

नंबर सापडले की वाटे करा. युरोपियन पद्धतीत पहिलं अक्षर हीटरचं, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारेचं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची सिरीज (सगळे हीटर एका माळेत), डी म्हणजे बॅटरीवरचा १.४ व्होल्टचा. पुढची अक्षरं कामाची: सी ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा), एफ पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा), एल आउटपुट (स्पीकर चालवणारा), एम मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा), झेड फुल वेव्ह रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा). ८० च्या घरातला आकडा म्हणजे नऊ पिनांचा. अमेरिकन पद्धतीत पहिला आकडाच हीटरचा: ६ व्ही ६ ला ६.३, १२ एएक्स ७ ला १२.६.

नंबर मिळालाच नाही तर नऊ पिनांच्या व्हॉल्व्हला मीटर लावा. रेडिओत येणाऱ्या बहुतेकांचा हीटर चार आणि पाच नंबरच्या पिनांवर असतो. नऊ नंबरची पिनही त्याच तारेला जुळत असेल तर तो बहुधा ईसीसी ८१, ८२, ८३ या घराण्यातला, म्हणजे बाजूला काढून ठेवायचा. चार-पाचला ६.३ व्होल्ट देऊन करंट मोजला तर आणखी कळतं: ईएल ८४ सुमारे ०.७६ अँपिअर घेतो, ईझेड ८० घेतो ०.६, ईसीएच ८१ फक्त ०.३. यू घराण्यातला निघाला तर तो नुसता मिणमिणेल, बिघडणार नाही. पण सात पिनांच्या बारक्या व्हॉल्व्हना ६.३ लावायचं नाही म्हणजे नाही. त्यात डीके ९६, डीएल ९६ अशी बॅटरी सेटची मंडळी असतात. पेठ-सुरगाण्याकडे वीज पोचायच्या आधी नव्वद व्होल्टच्या ड्राय बॅटरीवर चालणारे जे सेट दुरुस्तीला यायचे, त्यातले हे. केसाहून बारीक फिलामेंट (हीटरचीच तार), क्षणात जातं.

आता भाव. ईएल ३४, ईसीसी ८३, ६ एसएन ७, ६ व्ही ६, केटी ६६ या नगांना चांगला भाव मिळतो, कारण त्यांचं गिऱ्हाईक रेडिओवालं नाही. गिटारचे अँप्लिफायर आणि महागडे हायफाय करणारे ते घेतात. ईएल ३४ आणि ईसीसी ८३ आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये नवे बनतात, तरी जुन्याला मागणी आहे. एकाच कंपनीची, एकाच घडणीची जोडी निघाली तर ती फोडू नका, जोडीला सुट्यापेक्षा जास्त मिळतात. उलट ईसीएच ८१, ईबीएफ ८९ यांना रेडिओवाल्याशिवाय कोण विचारतो? भाव कमी, पण आम्हाला रोज लागतात ते हेच. माझं मत विचाराल तर पहिला वाटा एकेक नग लिहून विका आणि दुसरा वाटा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींना अदलाबदलीत द्या. बदल्यात सासऱ्यांचा एखादा सेट चालू करून घ्या.

विकताना जे तपासलंत तेवढंच लिहा. 'फिलामेंट चालू' म्हणजे 'टेस्टेड' नव्हे. फिलामेंट पेटतं आणि इमिशन, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्याची ताकद, संपलेलं असतं, असे व्हॉल्व्ह ढिगानं मिळतात. आणि कोणी 'कोरा माल' म्हणून खोक्यातून काढून दाखवला तर खोक्याकडे बघू नका, खोकी नवी छापून मिळतात. पिनांवर सॉकेटचे ओरखडे आहेत का ते बघा.

प्रश्न : आजोबांचा फिलिप्स रेडिओ पेटतो, पण घरघर करतो, आवाज फाटका येतो आणि अर्ध्या तासात मागून वास येतो. मेकॅनिक म्हणतात, सगळे व्हॉल्व्ह बदलावे लागतील. एवढे व्हॉल्व्ह कुठून आणू?
— सातपूर

उत्तर : आणूच नका. असा सेट टेबलावर आला की मी व्हॉल्व्हकडे सगळ्यात शेवटी बघतो. व्हॉल्व्ह चिवट असतो. मरतो तो कंडेन्सर, आणि बदनाम होतो व्हॉल्व्ह.

घरघर म्हणजे डीसी गुळगुळीत करणारे फिल्टर कंडेन्सर सुकले. फाटका आवाज आणि वास हे बहुतेक वेळा एका कागदी कंडेन्सरचं काम असतं: आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून (आवाज बाहेर पडतो ती बाजू) आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रीडपर्यंत (आवाज आत शिरतो ती बाजू) जाणारा. मेण वितळलेला, तपकिरी, बोटाएवढा तो तुकडा शोधा. तो गळायला लागला की प्लेटचं प्लस व्होल्टेज ग्रीडवर झिरपतं, आउटपुट व्हॉल्व्ह बेसुमार करंट खेचतो, त्याची प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तुम्हाला येतो तो वास त्याच वाटेवरचा आहे, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत सेट लावू नका.

मेकॅनिकला एवढंच करायला सांगा. सेटमध्ये ईएल ८४ असेल तर त्याच्या दोन नंबरच्या पिनेवर, म्हणजे ग्रीडवर, चासीपासून (सेटच्या पत्र्याच्या सांगाड्यापासून) व्होल्टेज मोजा. तिथे शून्य हवं. प्लसमध्ये काही दिसलं तर सेट बंद करा, ईएल ८४ उपसून काढा, पुन्हा चालू करून सॉकेटच्या त्याच पिनेवर मोजा. प्लस तसंच राहिलं तर कंडेन्सर चोर. गेलं तर व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे, मग खुशाल बदला. ही उपसाउपशी ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्येच चालते. त्या कंडेन्सरच्या जागी ४०० किंवा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर टाका. एवढ्यावर भागलं तर व्हॉल्व्हना हात लावायचं कारण नाही.

आणि वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट २३० वर कधीच लावू नये. ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब मेन्स आणि सेट यांच्या मध्ये सिरीजमध्ये घ्या, एलईडी चालत नाही. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओएलएक्सवरून छोटा बॅकेलाइटचा रेडिओ घेतला. चासीला हात लागला आणि जोरात शॉक बसला. व्हॉल्व्हवर यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ असे नंबर आहेत. एकही पेटत नाही.
— पंचवटी

उत्तर : बाळा, वाचलास. तुझा सेट एसी-डीसी आहे, त्यात मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो. मेन्सची एक वायर थेट चासीला जोडलेली असते. टू-पिन प्लग उलटा बसला की अख्खी चासी फेज. रेडिओचा बिघाड नाही हा, रचनाच तशी. म्हणून त्या काळी बटणांचे स्क्रू आत मेण भरून बुजवायचे आणि मागचा पुठ्ठा काढू नका असं छापायचे. चासीला अर्थिंग जोडायला जाऊ नकोस. काम करायचं तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेन्सपासून अलग ठेवणारा) हवाच, तो मिळेपर्यंत प्लग काढून ठेव. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर रजिस्टन्स लावून रिकामे करायचे आणि मगच आत बोट घालायचं.

एकही पेटत नाही कारण सगळे हीटर एका माळेत आहेत, दिवाळीच्या लायटिंगसारखे. यूसीएच ८१ ला १९ व्होल्ट, यूएल ८४ ला ४५, यूवाय ८५ ला ३८; उरलेले बाकीच्या व्हॉल्व्हवर आणि ड्रॉपर रजिस्टन्सवर पडतात. एक तुटला की सगळे विझले. प्लग काढून प्रत्येक व्हॉल्व्हच्या चार-पाच पिना मीटरनं बघ. सगळे जुळत असतील तर ड्रॉपर उडालाय. तो स्वस्तात होईल.

प्रश्न : सेट दुरुस्त झाला, पण आकाशवाणी नाशिक लागत नाही.
— दोन वाचक, नाशिक रोड आणि सिडको

उत्तर : लागणार नाही. नाशिक केंद्र एफएमवर आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक व्हॉल्व्ह सेटना एफएमचा पट्टाच नाही. मीडियम वेव्हवर मुंबईची ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ शोधा; रात्री गच्चीवरून पंधरा-वीस फुटांची तांब्याची तार सोडा आणि घरातले चार्जर, एलईडी दिवे बंद करून ऐका, निम्मी खरखर त्यांचीच असते. दुसरी सोय म्हणजे सेटच्या मागे ग्रामोफोनसाठी दिलेलं पिकअप सॉकेट. डावी-उजवी वायर एकेक हजार ओहमच्या रजिस्टन्समधून एकत्र करून फोन तिथे जोडता येतो. फक्त ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला. वरच्या पत्रातल्या मुलासारखा सेट असेल तर फोनही जाईल आणि कानात इअरफोन असेल तर माणूसही.

प्रश्न : मॅजिक आयचा हिरवा डोळा अंधारात जेमतेम दिसतो. उजळता येतो का?
— देवळाली कॅम्प

उत्तर : नाही. आतला हिरवा लेप झिजलाय. व्होल्टेज वाढवून उजळवणारे भेटतील, त्यानं तो आणखी लवकर संपतो. रेडिओ त्याच्यावाचून चालतो, तसाच राहू द्या.

प्रश्न : नाशकात व्हॉल्व्ह मिळण्याचं ठिकाण सांगा. दर वेळी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाणं जमत नाही.
— इंदिरानगर

उत्तर : एम. जी. रोडवर विचारलंत तर पोरं तुमच्याकडे बघत राहतील. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात एखाद्या पथारीवर अधूनमधून जुना सेट दिसतो. सेट अख्खा घ्या, सुटे व्हॉल्व्ह मागितले की विकणारा सावध होतो. भंगारवाल्यांना फोन नंबर देऊन ठेवा. पण माझा भरवसा मंडप-लाउडस्पीकरवाल्यांच्या माळ्यांवर जास्त. गणपतीत वाजलेले जुने अँप्लिफायर तिथे धूळ खात असतात आणि त्यात ईएल ३४ किंवा डोक्यावर टोपी असलेले ८०७ निघतात. गणपतीच्या हंगामात जाऊ नका, त्यांना बोलायला वेळ नसतो. पितृपक्षात जा.

देवळालीच्या लष्करी छावणीमुळे आपल्याकडे लष्करी नंबरांचे व्हॉल्व्हही निघतात आणि न ओळखल्यामुळे फुकट जातात. सीव्हीनं सुरू होणारा नंबर ब्रिटिश फौजेचा, व्हीटी अमेरिकन. सीव्ही ४००४ म्हणजे निवडक ईसीसी ८३ आणि व्हीटी २३१ म्हणजे ६ एसएन ७. भंगारवाल्यासमोर चेहरा सरळ ठेवा.

प्रश्न : पुण्याहून कुरिअरनं दोन व्हॉल्व्ह मागवले, दोन्ही फुटून आले. पैसे परत मागावेत का?
— ओझर

उत्तर : मागा. पण पुढच्या वेळी पाठवणाऱ्याला आधीच सांगा: पिना थर्माकोलमध्ये खुपसायच्या, व्हॉल्व्ह बबल रॅपमध्ये गुंडाळायचा, खोक्यात खोकं घालायचं आणि दोन खोक्यांच्या मध्ये चारी बाजूंनी कागदाचे बोळे भरायचे. आल्यावर बेरियमचा डाग पांढरा झालाय का ते आधी बघा. काच बाहेरून अख्खी दिसते आणि तडा पिनांच्या बुडाशी गेलेला असतो. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.