बाळाच्या नावातलं तुझं नाव

प्रिय मित्रा,

बाळ झाल्याचं सांगायला तू फोन केलास आणि मधेच गप्प झालास. मग म्हणालास, "काका, बाप घरात कसा वागतो तेच मी पाहिलेलं नाही." तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आठ दिवस तेच वाक्य डोक्यात घोळतंय.

तुझ्यासारखेच माझेही वडील लवकर गेले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत तेही होते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. वडील पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात गेले. लालबागच्या चाळीतल्या खोलीत आईने पोळ्या लाटून आम्हाला वाढवलं.

मला मुलगा झाला तेव्हा मी एकच धरून बसलो, याला उणं पडू द्यायचं नाही. ओव्हरटाइम, रविवारची पाळी, विम्याचे हप्ते. आपल्यासारखी पोरं बाप झाली की आधी स्वतःच्या मरणाची तयारी करतात. मुलाला सायकल शेजारच्या दादाने शिकवली. तो चाळीच्या चौकात फेऱ्या मारताना दिसला, तेव्हा मला कळलं. ते मला अजून लागतं.

म्हणून कागदपत्रं एका दिवसात उरक. लग्नाआधी पीएफला आईचं नाव लावलं असशील, तर लग्नानंतर ते नामनिर्देशन चालत नाही, नवीन भर. मुदतीचा विमा घे. मग फाइल कपाटात ठेव आणि संध्याकाळी घरी ये. बाळाला तू अंघोळ घाल, लंगोट तू बदल, रात्री खांद्यावर टाकून फेऱ्या तू मार. हे कोणाचंच पाहून येत नाही रे, करता करता हाताला वळण लागतं.

आता नावाचं. तुझ्या नावात मधे तुझे वडील आहेत. शाळेच्या हजेरीपासून पगाराच्या पावतीपर्यंत ते तुझ्याबरोबर आले. बाळाच्या नावात तिथे तू येशील आणि ते सुटतील. माझ्या मुलाचा जन्मदाखला हातात आला, तेव्हा वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं होतं. तुलाही वाटेल, तर वाटू दे. पण १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्याकडे सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. तुला एकटीने वाढवणाऱ्या माउलीला ही जागा कधी मिळाली नाही. तुझ्या बायकोला ती मिळतेय, हे आईला जवळ बसवून सांग.

आणि त्याच बैठकीत वडिलांबद्दल विचार. "बाबा कसे होते?" असं विचारू नकोस, ती डोळे पुसेल आणि "देवमाणूस होते" म्हणेल. बारीकसारीक विचार. चहात साखर किती घ्यायचे? लोकलमध्ये दारात उभे राहायचे की आत शिरायचे? कशावरून चिडायचे? माझे वडील कामावरून आले की अंगाला कापसाचा आणि तेलाचा वास यायचा, आणि पतंगापायी त्यांनी मला एकदा चांगलंच बडवलं होतं. मुलाला मी दोन्ही सांगितलं. नुसता हार घातलेला फोटो पोराला आजोबा वाटत नाही. 'तारा झाले' असंही सांगू नकोस. वारले म्हणून सांग, मुलांना कळतं.

आणखी एक, आत्ताच सांगून ठेवतो. वडील ज्या वयात गेले ते वय तुला लागेल, तेव्हा झोप उडेल. मी अडतिसाव्या वर्षी छातीत जरा कळ आली की केईएमला पळायचो. एकदा नीट तपासून घे, आणि ती रात्र एकट्याने काढू नकोस. बायकोला उठव किंवा मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

बारशाला मी येतोच आहे. तोवर आईला साखरेचं विचारून ठेव.

तुझा,
काका